मुलांचे स्पर्धात्मक खेळ: वाढीवर होणारे परिणाम आणि पालकांनी घ्यायची काळजी

तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या शालेय स्पर्धा, उन्हाळी शिबिरे, गल्लोगल्ली निघालेल्या अकादम्या आणि दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण यांमुळे आज कितीतरी मुले आठव्या-नवव्या वर्षीच "स्पर्धेसाठी" खेळू लागतात. पालकांचे प्रश्न दोन टोकांचे असतात. काहींना वाटते, खेळामुळे अभ्यास बुडेल, हातपाय मोडतील. काहींना वाटते, आत्ता जोर लावला नाही तर संधी जाईल. या लेखात स्पर्धात्मक खेळामुळे मुलांच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतात, सराव किती असावा आणि कोणत्या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये, ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- खेळ प्रत्येक मुलासाठी आवश्यक आहे. स्पर्धा मात्र वयाला आणि तयारीला साजेशी हवी.
- वाढत्या वयातील हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखे नसते. दोन आठवडे टिकणारे दुखणे "सवय नाही म्हणून" असे समजून सोडू नका.
- आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. एकाच खेळाचा बारमाही सराव टाळावा.
- डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये.
- वजनगटात बसण्यासाठी मुलांना उपाशी किंवा तहानलेले ठेवणे धोकादायक आहे.

मूल स्पर्धेसाठी कधी तयार होते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. धावणे, लंगडी, खो-खो, सायकल, पोहणे हे सगळे यात येते. यासाठी चषक किंवा पदक लागत नाही.

स्पर्धा म्हणजे निवड, निकाल, तुलना आणि हरण्याची शक्यता. ती पेलण्याची ताकद वयाप्रमाणे येते.

- ६ ते ९ वर्षे: या वयात "मी खूप प्रयत्न केला" आणि "मी चांगला खेळतो" यांतला फरक मुलांना नीट कळत नाही. हरलो म्हणजे आपण वाईट, असा अर्थ ती सहज काढतात. धावणे, उडी, झेल, तोल, फेक ही मूळ कौशल्ये शिकण्याचे हे वय आहे. खेळ भरपूर असावा, निकालाला महत्त्व कमी असावे.
- १० ते १२ वर्षे: नियम, डावपेच आणि संघातील आपली जागा कळू लागते. स्थानिक सामने खेळायला हरकत नाही. दोन-तीन वेगवेगळे खेळ चालू ठेवावेत.
- १३ ते १५ वर्षे: झपाट्याने उंची वाढण्याचा काळ. मुलींमध्ये हा वेग साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांमध्ये १३-१४ व्या वर्षी सर्वाधिक असतो. दुखापतींचा धोका याच काळात वाढतो.
- १५-१६ नंतर: एका खेळावर लक्ष केंद्रित करायचे असेल, तर बहुतेक खेळांसाठी हे योग्य वय आहे. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत सुरुवात लवकर होते. तिथे वैद्यकीय देखरेख जास्त लागते.

नॉर्वेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथल्या बालक्रीडा नियमांनुसार ११ व्या वर्षाआधी मुलांच्या स्पर्धांच्या निकालयाद्या आणि क्रमवारी लावत नाहीत. राष्ट्रीय स्पर्धाही १३ व्या वर्षापासूनच. तरीही २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जेमतेम ५५ लाख लोकसंख्येच्या या देशाने १६ सुवर्णपदके जिंकून पहिला क्रमांक मिळवला. लहानपणी निकालाचा दबाव कमी ठेवला म्हणून मोठेपणी खेळाडू मागे पडतात, असे यातून तरी दिसत नाही.

एकाच वयाची मुले, पण शरीरे वेगळी

तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात दोन-तीन वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. चौदा वर्षांखालील संघ निवडताना साहजिकच पहिला निवडला जातो. दुसऱ्याला वाटते, आपल्यात काही नाही. तीन वर्षांनी दोघांची उंची-ताकद सारखी होते, पण तोवर दुसऱ्याने मैदान सोडलेले असते. तुमचे मूल उशिरा वाढणारे असेल, तर त्याला हे समजावून सांगा आणि खेळ चालू ठेवा.

याचीच दुसरी बाजू म्हणजे वय चोरणे. मोठ्या मुलाला कमी वयाच्या गटात खेळवले, की समोरच्या लहान मुलांना इजा होण्याचा धोका वाढतो. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांच्या क्रिकेटमध्ये मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय ठरवणारी टीडब्ल्यू-३ पद्धत वापरते, ती यासाठीच. जन्मतारीख बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका.

शरीराला होणारे फायदे

- हाडे: उड्या, धावणे आणि दिशा बदलणे यांमुळे हाडांवर योग्य ताण येतो व ती घट्ट होतात. आयुष्यभराची हाडांची बरीचशी पुंजी विशीच्या आतच जमा होते.
- हृदय आणि चयापचय: दमश्वास सुधारतो, पोटावरची चरबी कमी राहते, पुढे मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका घटतो. भारतीयांमध्ये मधुमेह तुलनेने कमी वयात होतो, म्हणून हा फायदा आपल्यासाठी मोठा आहे.
- झोप आणि अभ्यास: नियमित खेळणाऱ्या मुलांना झोप चांगली लागते, लक्ष टिकते.

मनाला होणारे फायदे

हरल्यावर समोरच्याशी हात मिळवणे, पंचाचा निर्णय न पटताही मानणे, राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसणे आणि संधी मिळताच तयार असणे, हे घरात शिकवून येत नाही. संघातील मैत्री किशोरवयात मोठा आधार असते. मात्र हे फायदे आपोआप मिळत नाहीत. प्रशिक्षक आणि पालक कसे वागतात, यावर ते अवलंबून असतात. त्याच मैदानावर एक मूल धीट होते आणि दुसरे धास्तावते.

अतिसरावामुळे होणाऱ्या दुखापती

मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीचा मऊ भाग असतो. त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा हा भाग नाजूक असतो. त्यामुळे ज्या माराने मोठ्या माणसाचा घोटा मुरगळतो, त्याच माराने मुलाच्या ग्रोथ प्लेटला इजा होऊ शकते. शिवाय उंची झपाट्याने वाढताना हाडे आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. स्नायू ताणलेले राहतात आणि जिथे ते हाडाला चिकटतात, तिथे दुखू लागते.

वारंवार दिसणाऱ्या तक्रारी अशा:

- गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला दुखणारा टेंगळासारखा उंचवटा: साधारण १० ते १५ वर्षांच्या, उड्या मारणाऱ्या-धावणाऱ्या मुलांमध्ये. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. सराव कमी करणे, शेकाऐवजी बर्फ आणि मांडीच्या स्नायूंचे ताण देणारे व्यायाम यांनी बहुतेकांना आराम पडतो.
- टाचदुखी: साधारण ८ ते १४ वयोगटात. कठीण मैदान आणि झिजलेले किंवा पातळ तळव्याचे बूट यांमुळे वाढते. टाचेखाली मऊ पॅड आणि पोटरीचे व्यायाम उपयोगी पडतात.
- वेगवान गोलंदाजांची कंबरदुखी: मागे वाकल्यावर एका बाजूला वाढणारी कंबरदुखी ही मणक्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरची खूण असू शकते. साध्या एक्स-रेमध्ये ते सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागू शकतो. निदान झाल्यास काही महिने गोलंदाजी बंद ठेवावी लागते. म्हणूनच लहान गोलंदाजांनी एका दिवसात आणि आठवड्यात किती षटके टाकायची, यावर मर्यादा हवी. शाळा, क्लब आणि अकादमी अशा तिन्ही ठिकाणची षटके एकत्र मोजा. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपलाच हिशेब माहीत असतो.
- खांदा आणि कोपर: सतत फेक करणारे, टेनिस-बॅडमिंटन खेळणारे आणि जलतरणपटू यांच्यात.

एक सोपी सवय लावा. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर मुलाची उंची खुणेने नोंदवा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढ दिसली, तर पुढचे काही महिने उड्या आणि जोरकस सराव थोडा कमी ठेवायला प्रशिक्षकांना सांगा. या काळात मूल अडखळते, आधी जमणारा फटका चुकतो. तो आळस नसतो. लांब झालेल्या हातापायांशी मेंदूला पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

गोळी खाऊन सामना खेळवणे टाळा. वेदनाशामकाने दुखणे दबते, इजा वाढत राहते.

डोक्याला मार आणि उष्माघात

कबड्डीतील पकड, कुस्तीतील आपट, फुटबॉलमधील टक्कर किंवा लागलेला चेंडू यांमुळे मेंदूला हादरा बसू शकतो. यालाच कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध होणे आवश्यक नाही. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, प्रश्नाचे उत्तर उशिरा देणे, मार कसा लागला ते न आठवणे, यांतील एकही लक्षण दिसले तर मुलाला लगेच बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. पहिले एक-दोन दिवस विश्रांती व मोबाइल कमी, हळूहळू शाळा, त्यानंतर टप्प्याटप्प्याने सराव. झटापटीचा खेळ डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.

मार्च ते जून या काळात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात दुपारी सामने ठेवणेच चुकीचे आहे. उन्हाच्या सरावाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. दर १५-२० मिनिटांनी पाणी, लांब सामन्यात ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचे सरबत द्या. अंग तापलेले आणि मूल बरळते किंवा झोकांड्या खाते, असे दिसले तर तो उष्माघात समजा. आधी सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान-काखेत बर्फ ठेवा आणि लगेच रुग्णालयात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आहार, वजन आणि मासिक पाळी

वाढीला लागणारी आणि खेळाला लागणारी, अशी दुहेरी ऊर्जा या मुलांना हवी असते. ती कमी पडली, तर शरीर आधी वाढ, हाडे, हार्मोन आणि रोगप्रतिकारशक्ती यांत कपात करते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन त्याबद्दल इशारा दिला. सतत थकवा, वारंवार सर्दी-ताप, कामगिरीत घसरण आणि पुन्हा पुन्हा स्ट्रेस फ्रॅक्चर ही त्याची चिन्हे.

मुलींमध्ये याची सर्वांत स्पष्ट खूण म्हणजे पाळी. पंधरा वर्षे पूर्ण झाली तरी पाळी सुरू झाली नाही किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर "खेळाडू आहे, असं होतंच" असे म्हणून सोडू नका. तपासणी करून घ्या. पाळीत खेळायला वैद्यकीय मनाई नाही. मैदानावर स्वच्छतागृह आणि पॅड बदलण्याची सोय मात्र हवीच. ती नसल्याने अनेक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार भारतात १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. लवकर दम लागणारी, मागे पडणारी मुलगी "कमी पडते" असे ठरवण्याआधी तिचे हिमोग्लोबिन तपासा. शाळेत मिळणारी आठवड्याची लोहाची गोळी आणि जंताची गोळी चुकवू देऊ नका.

महाग पूरक पावडरींची गरज नसते. भाकरी-चपाती, उसळ, डाळ-भात, दूध-दही, अंडी किंवा मासे, पालेभाजी, शेंगदाण्याचा किंवा राजगिऱ्याचा लाडू, केळी यांतून पुरेसे मिळते. जेवणासोबत लिंबू घ्यावे, चहा नको. पहाटेच्या सरावाला रिकाम्या पोटी पाठवू नका आणि सराव संपल्यावर तासाभरात खायला द्या.

कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, कबड्डी अशा वजनगटाच्या खेळांत स्पर्धेआधी पाणी तोडणे, प्लास्टिकचे कपडे घालून पळवणे, जुलाबाचे औषध देणे असे प्रकार चालतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशाच पद्धतीने वजन उतरवताना महिनाभराच्या अंतरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीरांचा मृत्यू झाला. त्यानंतर तिथले नियम बदलले गेले. वाढत्या वयातील मुलाला वरच्या वजनगटात खेळवणे हाच योग्य मार्ग आहे.

मनावरचा ताण कसा ओळखावा?

मूल "मला खेळायचं नाही" असे थेट क्वचितच सांगते. विशेषतः घरातून फी, किट आणि प्रवासावर बराच खर्च झालेला त्याला माहीत असेल, तर नाहीच सांगत. त्याऐवजी ही लक्षणे दिसतात:

- सामन्याच्या सकाळी पोटदुखी, उलटी, जुलाब
- झोप न लागणे, चिडचिड, एकलकोंडेपणा
- दुखापत बरी होऊनही दुखत असल्याचे सांगणे किंवा उलट खरी दुखापत लपवणे
- आवडता खेळ असूनही सरावाला टाळाटाळ
- "मी हरलो तर बाबा बोलणार नाहीत" अशा स्वरूपाची वाक्ये

अशा वेळी आठ-पंधरा दिवस सराव थांबवा आणि शांतपणे बोला. स्वतःला इजा करण्याचे किंवा जगण्यात अर्थ नसल्याचे बोलणे आले, तर त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मैदानावरील सुरक्षितता

मारणे, शिवीगाळ करणे, सर्वांसमोर शरीरावरून बोलणे ही शिस्त नव्हे. बंद खोलीत एकट्या मुलाला बोलावणे, मसाजच्या नावाखाली स्पर्श, रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज, "घरी सांगू नकोस" असे म्हणणे, या धोक्याच्या खुणा आहेत. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत महिला प्रशिक्षक किंवा शिक्षिका असल्याची खात्री करा. १८ वर्षांखालील मुलांचे लैंगिक शोषण पॉक्सो कायदा, २०१२ नुसार गुन्हा आहे आणि माहिती असल्यास तक्रार करणे बंधनकारक आहे. १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन २४ तास चालू असते. मुलाने काही सांगितले, तर आधी विश्वास ठेवा. संघातील जागेचा विचार नंतर.

सराव किती असावा?

- आठवड्याचे संघटित सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत. म्हणजे १० वर्षांच्या मुलाला आठवड्याला जास्तीत जास्त १० तास.
- आठवड्यातून एक ते दोन दिवस त्या खेळापासून सुट्टी.
- वर्षभरात मिळून सुमारे तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांत, मुख्य खेळाला विश्रांती. त्या काळात दुसरे खेळ चालतील.
- ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप. पहाटे पाचला सराव असेल, तर त्या हिशेबाने रात्री लवकर झोप हवी. क्लासमुळे ते जमत नसेल, तर पहाटेच्या सरावाचा पुन्हा विचार करा.

फिटनेस सर्टिफिकेट ही केवळ सही नाही

शेवटच्या दिवशी घाईत येण्याऐवजी आठ-दहा दिवस आधी या आणि या गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: धावताना कधी छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडला का, घरात कोणाचा कमी वयात अचानक मृत्यू झाला आहे का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, दमा किंवा फिट्स आहेत का, आधी डोक्याला मार लागला होता का. यांपैकी काही असल्यास ईसीजी किंवा हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी-इको, लागू शकते. निवड हुकेल म्हणून माहिती लपवू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

तातडीने:
- व्यायाम करताना बेशुद्ध पडणे, छातीत दुखणे, धडधड
- डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, गुंगी
- हाड वाकडे दिसणे, पायावर भार न घेता येणे

दोन-तीन दिवसांत:
- रात्री झोपेतून उठवणारे हाडांचे दुखणे
- सांध्याला सूज किंवा लंगडणे
- दोन आठवड्यांहून जास्त टिकलेली कोणतीही वेदना

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्यायामशाळेत गेल्याने उंची खुंटते का?
नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली, हलक्या वजनाने आणि योग्य पद्धतीने केलेल्या व्यायामाने उंची थांबत नाही. दंड-बैठका, सूर्यनमस्कार उत्तम. किती जास्त वजन उचलता येते, अशी पैज मात्र या वयात नको. स्टेरॉइडची इंजेक्शने-गोळ्या घेतल्यास ग्रोथ प्लेट लवकर बंद होऊन उंची खरोखर थांबू शकते.

बास्केटबॉल खेळल्याने उंची वाढते का?
उंची प्रामुख्याने आनुवंशिकता, आहार आणि आरोग्यावर ठरते. उंच मुले त्या खेळात निवडली जातात, म्हणून तसे वाटते.

प्रोटीन पावडर द्यावी का?
निरोगी मुलाला गरज नाही. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्येही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळण्यास सांगितले आहे. एनर्जी ड्रिंक तर मुलांना देऊच नये.

मुलाला दमा आहे, खेळू द्यावे का?
जरूर. रोजचे औषध नियमित आणि डॉक्टरांनी सांगितल्यास खेळण्याआधी १०-१५ मिनिटे इनहेलर घ्यावा. तो किटमध्ये नेहमी असावा.

दहावीत खेळ बंद करावा का?
पूर्ण बंद करू नका. स्पर्धा आणि प्रवास कमी करा, पण रोजचा तासभर खेळ चालू ठेवा. त्याने झोप आणि एकाग्रता टिकते.

सामना हरल्यावर मुलाशी काय बोलावे?
घरी येताना चुका काढू नका. "भूक लागली का?", "मजा आली का?" एवढे पुरे. विश्लेषण प्रशिक्षकांवर सोडा. मुलाला स्वतःहून बोलायचे असेल, तेव्हा ऐका.

शालेय संघात खेळणाऱ्या मुलांपैकी फार थोडी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. बाकीच्या सगळ्यांना पुढची चाळीस-पन्नास वर्षे तेच गुडघे, तीच कंबर आणि तेच मन घेऊन जगायचे असते. म्हणून हंगाम संपल्यावर पदके मोजताना आणखी एक गोष्ट तपासा: पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरण्याची मुलाची इच्छा शिल्लक आहे का? उत्तर "हो" असेल आणि कुठे दुखत नसेल, तर तुमचे बरोबर चालले आहे.